एका एपीवरून ४० टॅब्लेटना ६०० एमबीची फाइल: नेटवर्क कोडिंग करावे की साधे मल्टिकास्ट पुरे?

तारेविना

मांडणी अशी आहे. एक मोठे सभागृह, ४० अँड्रॉइड टॅब्लेट, एकच ८०२.११एसी (वाय-फाय) ॲक्सेस पॉइंट (एपी) आणि त्याला तारेने जोडलेला लिनक्स सर्व्हर. इंटरनेट नाही. ६०० एमबीची एकच फाइल सगळ्या टॅब्लेटवर उतरवायची आहे.

एचटीटीपीने सगळ्यांनी एकदम घ्यायला सुरुवात केली की ५ गिगाहर्ट्झवर एपीचा एकूण प्रत्यक्ष वेग २०० एमबीपीएसच्या आसपास राहतो. यूडीपी मल्टिकास्टमध्ये (एकच पॅकेट एकदाच, सगळ्यांसाठी) गळती, म्हणजे न पोचलेली पॅकेटे, टॅब्लेटगणिक ५ ते १५ टक्के, आणि प्रत्येकाची हरवलेली पॅकेटे वेगळी. हरवलेल्यांच्या याद्या गोळा करून पुन्हा पाठवायला घेतले, तर दुसऱ्या फेरीत जवळजवळ अख्खी फाइलच पुन्हा जाते.

रँडम लिनिअर नेटवर्क कोडिंग (आरएलएनसी: मूळ पॅकेटांऐवजी त्यांची यादृच्छिक गुणकांनी केलेली मिश्रणे पाठवणे) इथे कितपत उपयोगी? जनरेशन (एकत्र मिसळायचा गट) किती पॅकेटांचे धरावे, फील्ड (गुणक ज्यातून घ्यायचे ती संख्यापद्धती) कोणते घ्यावे? आणि टॅब्लेटांनी आपसात पॅकेटे वाटली तर आणखी वेळ वाचेल का? पुढे शेजारच्या दालनातही हीच फाइल रिलेमार्फत न्यायची आहे.

---

हवेतली_बेरीज

दुसऱ्या फेरीत अख्खी फाइल का जाते, ते आधी पाहू. सगळ्यांची गळती १० टक्के आणि एकमेकांपासून स्वतंत्र धरा. एखादे पॅकेट चाळीसही जणांना मिळण्याची शक्यता ०.९ चा ४० वा घात, म्हणजे दीड टक्का. उरलेली साडेअठ्ठ्याण्णव टक्के पॅकेटे कुणाला ना कुणाला हवीच असतात. हाच हिशेब सगळ्या फेऱ्यांना लावला तर प्रत्येक पॅकेट सरासरी २.३६ वेळा पाठवावे लागते. ६४ पॅकेटांच्या गटासाठी सुमारे १५१ प्रक्षेपणे.

कोडिंगमध्ये प्रश्नच बदलतो. कोणते पॅकेट हरवले याला महत्त्व उरत नाही, किती हरवली एवढेच पाहायचे. सर्व्हर ६४ पॅकेटांची यादृच्छिक गुणकांनी बेरीज करून पाठवतो आणि तेच एक मिश्रण एकाचे सातवे पॅकेट भरून काढते, दुसऱ्याचे एकोणचाळिसावे. मग खर्च ठरतो तो चाळिसांतल्या सर्वांत कमनशिबी टॅब्लेटवरून. तो ६४ पर्यंत पोचायला सुमारे ७८ प्रक्षेपणे लागतात. १५१ च्या जागी ७८, म्हणजे जवळपास निम्मे.

पण हा फायदा साध्या मल्टिकास्टच्या तुलनेत कोडिंगवाल्या मल्टिकास्टचा झाला. एचटीटीपीशी तुलना करायची तर वेगळा हिशेब हवा, आणि तो पुष्कळजण करतच नाहीत. ४० × ६०० एमबी म्हणजे २४ जीबी. २०० एमबीपीएसने त्याला १६ मिनिटे. मल्टिकास्ट फ्रेमला पोच नसते, तिचे ॲग्रिगेशन (अनेक फ्रेमा एकत्र बांधणे) होत नाही आणि ती बेसिक दरांपैकी (जोडणाऱ्या प्रत्येक उपकरणाला यायलाच हवेत असे दर) सहसा सर्वांत खालच्या दराने जाते. ५ गिगाहर्ट्झवर तो ६ एमबीपीएस. फ्रेमच्या सुरुवातीची खूण (प्रिअँबल), दोन फ्रेमांमधली ठरलेली थांबण्याची वेळ आणि यादृच्छिक वाट (बॅकऑफ) हे सगळे धरून १४०० बाइटच्या पॅकेटला सुमारे २.१ मिलिसेकंद, म्हणजे कामाचा वेग ५.३ एमबीपीएस. ६०० एमबीला १५ मिनिटे, आणि त्यावर २२ टक्के कोडिंगची जादा पॅकेटे. म्हणजे एवढे गणित करून तुम्ही एचटीटीपीच्याही मागे!

म्हणून आधी बेसिक दर २४ करा. हॉस्टएपीडीत (लिनक्सवर एपी चालवणारा प्रोग्राम) हे दर १०० केबीपीएसच्या एककात लिहितात, तेव्हा आकडा २४० असा पडेल. ६ आणि १२ बेसिकच्या यादीतून काढा. ६, १२ आणि २४ हे तिन्ही ओएफडीएम उपकरणांना (५ गिगाहर्ट्झवरची सगळी वाय-फाय उपकरणे) बंधनकारक असल्याने जोडणी नाकारली जाण्याची भीती नाही. २४ ला त्याच पॅकेटला ०.६२ मिलिसेकंद, कामाचा वेग १८ एमबीपीएस. जादा पॅकेटे धरून फाइल साडेपाच मिनिटांत जाते.

ढोबळ नियम असा: युनिकास्टचा (एचटीटीपीसारखे प्रत्येकाला वेगळे पाठवणे) एकूण वेग भागिले मल्टिकास्टचा कामाचा वेग इतक्या रिसीव्हरांनंतर मल्टिकास्ट परवडते. तुमच्याकडे ६ वर तो आकडा ३८ (कोडिंगचा खर्च न धरता), २४ वर खर्च धरूनही १४.

२४ च्या दराला सिग्नल मात्र हवा. मानकाप्रमाणे २४ साठी रिसीव्हरची संवेदनशीलता उणे ७४ डीबीएम, ६ साठी उणे ८२. सर्वांत मागच्या टॅब्लेटवर उणे ६७ पेक्षा वाईट दिसत असेल तर कोडिंगला हात घालण्याआधी एपीची जागा बदला.

---

दोनशे_छप्पन

आकड्यांना दुजोरा. आता फील्ड आणि जनरेशन.

फील्ड ८ बिटांचे घ्या, म्हणजे २५६ घटकांचे. चौकोनी यादृच्छिक मॅट्रिक्स उलटवता येण्याची, म्हणजे नेमक्या ६४ मिश्रणांतून ६४ मूळ पॅकेटे सोडवता येण्याची, शक्यता त्यात सुमारे ९९.६ टक्के. दोनच घटकांच्या फील्डमध्ये, म्हणजे नुसत्या एक्सॉरमध्ये, ती जेमतेम २८.९ टक्के असते. तिथे प्रत्येक रिसीव्हरला प्रत्येक जनरेशनमागे सरासरी १.६ पॅकेटे फुकट जातात आणि ४० जणांत एखाद्याला ५-६ जादा लागतात. एक्सॉर सीपीयूला स्वस्त खरे, पण तुमच्याकडे टंचाई हवेतल्या वेळेची आहे.

जनरेशन ६४. लहान घेतले तर नशिबाचा चढउतार महाग पडतो. १० टक्के गळती आणि ४० रिसीव्हर धरून १६ च्या जनरेशनला साधारण ३३ टक्के जादा पॅकेटे, ६४ ला २२, २५६ ला १६. कमीत कमी ११ लागणारच. २५६ घ्यावेसे वाटेल, पण मग प्रत्येक मिश्र पॅकेटात २५६ बाइट गुणकांचे जातात आणि डिकोडिंगचे काम चौपट होते.

एमटीयूचा (एका पॅकेटची कमाल लांबी, इथे १५०० बाइट) हिशेब कागदावर करा, इथे भलेभले चुकतात. माल १४००, गुणक ६४, स्वतःचा हेडर ८ (सेशन ४, जनरेशन क्रमांक २, जनरेशनचा आकार १, प्रकार-नि-अनुक्रम १), आयपी व यूडीपीचे २८. बेरीज बरोबर १५००. हेडरमध्ये आणखी एक बाइट घातलात की आयपी फ्रॅगमेंटेशन (पॅकेटचे तुकडे होणे) सुरू, आणि दोन तुकड्यांतला एक हरवला तरी पूर्ण पॅकेट गेले. गळती दुप्पट दिसायला लागते आणि लोक अँटेनाला दोष देत बसतात.

फाइलची विभागणी: ४,२८,५७२ पॅकेटे, ६,६९७ जनरेशन. शेवटच्या जनरेशनमध्ये २८ च पॅकेटे आणि शेवटच्या पॅकेटात ६०० बाइट. म्हणून फाइलची खरी लांबी मॅनिफेस्टमध्ये (आधी पाठवायच्या माहितीपत्रकात) हवी, नाहीतर शेवटी शून्ये चिकटलेली फाइल मिळेल.

सिस्टिमॅटिक पद्धतच वापरा: आधी ६४ मूळ पॅकेटे जशीच्या तशी, मग मिश्रणे. १० टक्के गळतीला टॅब्लेटला प्रत्येक जनरेशनमध्ये सहा-सातच अज्ञाते सोडवावी लागतात. सगळीच मिश्रणे पाठवलीत तर मालाच्या दर बाइटमागे ६४ गुणाकार-बेरजा पडतात, सिस्टिमॅटिकमध्ये सहा-सात. बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रात हा फरक थोडाथोडका नाही. गुणाकार लॉग-तक्त्याने एकेक बाइट करू नका. ४-४ बिटांचे दोन १६-नोंदी तक्ते करून निऑनच्या (एआरएम प्रोसेसरमधल्या समांतर गणिताच्या) टेबल-लुकअप सूचनेने १६ बाइट एकदम करा.

सर्व्हर आणि टॅब्लेटवर वेगवेगळी लायब्ररी असेल तर फील्डचे बहुपद तपासा. एईएसमधले बहुपद दशमानात २८३, रीड-सॉलोमनवाल्या लायब्ररींत बहुधा २८५. दोन्ही २५६ घटकांचीच फील्डे. त्यामुळे रँक (मिळालेल्या स्वतंत्र पॅकेटांची संख्या) पूर्ण होते, एरर कुठेच येत नाही आणि फाइलमध्ये फक्त कचरा असतो. सिस्टिमॅटिक पद्धतीत तर थेट मिळालेली पॅकेटे शुद्ध आणि भरून काढलेली तेवढी बिघडलेली, म्हणून दोष लवकर सापडत नाही.

सलग गळतीसाठी इंटरलीव्हिंग, म्हणजे वेगवेगळ्या जनरेशनची पॅकेटे आलटूनपालटून. १० मिलिसेकंद हवा खराब झाली तर ०.६२ च्या हिशेबाने १६ पॅकेटे गेली, म्हणजे एकाच जनरेशनचा पाव भाग. १६ जनरेशन आलटूनपालटून पाठवा, मग प्रत्येकातले एकेकच जाईल. त्यासाठी रिसीव्हरला दीड एमबी मेमरी लागते, बस.

---

जाळीवाला

एवढे लिहिण्यापेक्षा बॅटमॅन-ॲडव्हान्स्ड (लिनक्सचा जाळी-नेटवर्कचा प्रोटोकॉल) वापरा की. २०१३ मध्ये लिनक्स ३.१० सोबत कर्नलमध्येच नेटवर्क कोडिंग आले. ते असलेले कर्नल बांधताना पर्याय चालू केला आणि बॅटसीटीएल या त्याच्या साधनाने एनसी (नेटवर्क कोडिंग) सुरू केले की झाले.

---

हवेतली_बेरीज

@जाळीवाला, नाव एक, गोष्ट वेगळी. तिथले कोडिंग दोन प्रवाहांमधले आहे. अ कडून ब कडे आणि ब कडून अ कडे जाणारी पॅकेटे मधल्या रिलेजवळ भेटली की रिले त्यांचा एक्सॉर करून एकदाच पाठवतो. चार प्रक्षेपणांचे काम तिनात होते. २००६ मध्ये एमआयटीच्या कोप प्रकल्पाने २० नोडांच्या जाळ्यावर दाखवलेली कल्पना ती हीच. त्यासाठी वाहतूक दोन्ही दिशांनी, साधारण सारख्या प्रमाणात हवी. इथे फाइल एकाच दिशेने चालली आहे, रिलेला एक्सॉर करायला समोरून येणारे पॅकेटच नाही. शिवाय शेजाऱ्याची पॅकेटे ऐकण्यासाठी कार्ड प्रॉमिस्क्युअस मोडमध्ये (इतरांना पाठवलेली पॅकेटेही घेणाऱ्या) हवे, आणि जोडीगणिक वेगळ्या किल्लीचे एन्क्रिप्शन असेल तर ऐकून उपयोग नाही.

प्रश्नकर्त्याला हवे आहे ते एकाच प्रवाहाच्या आतले कोडिंग. २००७ चा मोर प्रोटोकॉल त्या घराण्यातला. त्यात ३२ पॅकेटांचे गट होते.

आता जरा अप्रिय मुद्दा. एक एपी आणि ४० रिसीव्हर एवढेच असेल तर त्याला नेटवर्क कोडिंग म्हणणेच चूक आहे, कारण मध्ये नेटवर्क नाही. मिश्रण करणारा एकटा सर्व्हर. हे काम रॅप्टरक्यू (हरवलेली पॅकेटे भरून काढणारा प्रमाणित कोड, आरएफसी ६३३०, २०११) तयार करून देतो. एका ब्लॉकमध्ये ५६,४०३ सिंबॉलपर्यंत (इथे एक सिंबॉल म्हणजे एका पॅकेटचा माल), तेव्हा फाइल आठच ब्लॉकमध्ये बसते. मूळ संख्येइतके सिंबॉल आले की ९९ टक्के, दोन जादा आले की ९९.९९९९ टक्के वेळा डिकोड होते. ब्लॉक एवढा मोठा की नशिबाचा चढउतार जवळजवळ मावळतो आणि २२ टक्क्यांचा खर्च ११ च्या जवळ येतो. वेगळे इंटरलीव्हिंगही नको. अडचण मेमरीची: ५६,४०३ सिंबॉलचा ब्लॉक म्हणजे ७९ एमबी डेटा डिकोड होईपर्यंत हाताशी हवा. जुन्या टॅब्लेटवर ब्लॉक १० एमबीचे करा.

रॅप्टरक्यूत नाही ते एकच: मध्ये बसलेल्याला अर्धवट मालातून नवी मिश्रणे करता येत नाहीत. म्हणून तुमचा शेवटचा प्रश्न इथे निर्णायक ठरतो.

टॅब्लेटांनी आपसात वाटणे एका एपीखाली तोट्याचे आहे. टॅब्लेट ते टॅब्लेट पॅकेट एपीमधूनच जाते, म्हणजे हवा दोनदा खर्च होते. सर्व्हरने एकदाच पाठवलेले बरे.

शेजारच्या दालनाचा रिले वेगळ्या चॅनेलवर असेल तर पाहू. दोन टप्पे, प्रत्येकी १० टक्के गळती. रिले जसेच्या तसे पुढे ढकलत असेल तर १०० पैकी ८१ पोचतात, सर्व्हरला १.२३ पट पाठवावे लागते. रिलेने स्वतः मिश्रणे केली तर दोन्ही टप्प्यांवर १.११ पट पुरते. तीन टप्प्यांना १.३७ विरुद्ध तेच १.११. पण फाइलसाठी रिलेने जनरेशन पूर्ण डिकोड करून नव्याने एन्कोड केली तरी हाच आकडा मिळतो. उशीर ६४ पॅकेटांचा, म्हणजे ४०-५० मिलिसेकंद. तो कोणाला जाणवणार? अर्धवट मालातून पुन्हा मिश्रण करण्याची गरज पडते ती एका टॅब्लेटला दोन-तीन रिले ऐकू येतात आणि त्यांपैकी एकाकडेही पूर्ण जनरेशन नसते तेव्हा. रिले एकच असेल तर रॅप्टरक्यू अधिक डिकोड करणारा रिले, विषय संपला.

---

दोनशे_छप्पन

मान्य, पण रिले दोन झाले की आरएलएनसीच. आणि तेव्हा दोन चुका टाळा. गुणकांच्या जागी नुसते बीज (ज्यातून गुणक पुन्हा काढता येतात तो लहान आकडा) पाठवून ६० बाइट वाचवण्याचा मोह होतो. पुनर्मिश्रणानंतर गुणक बीजातून निघत नाहीत, गुणकांची पूर्ण यादी (सदिश) पाठवावीच लागते. दुसरी चूक: रिलेने मिश्रण करताना माल मिसळला पण गुणकांचा सदिश जुनाच ठेवला. दोन्हींवर तीच क्रिया हवी.

---

तारेविना

बेसिक दर २४ केला, ६४ च्या जनरेशनने आणि सिस्टिमॅटिक पद्धतीने चाचणी घेतली. दोन गोष्टी अडल्या. सर्व्हर १५ एमबीपीएसने पाठवतो, टॅब्लेटवर पोचते फक्त ७ च्या आसपास, आणि या वेळी सगळ्यांची हरवलेली पॅकेटे एकच आहेत. दुसरे म्हणजे सव्वाचार मिनिटांच्या पुढे प्रवाह सगळीकडे एकदम बंद पडतो. सर्व्हर पाठवतच असतो.

---

डीटीआयएम_दास

सगळ्यांची तीच पॅकेटे हरवणे ही मोठी खूण आहे: ती हवेत हरवलेली नाहीत, हवेत गेलीच नाहीत. अशा गळतीवर कोडिंगचा काही लाभ नाही. कोडिंगचा सारा नफा गळती वेगवेगळी असण्यात आहे.

कारण बहुधा पॉवर-सेव्ह, म्हणजे बॅटरी वाचवायला वाय-फायने घेतलेली झोप. एपीशी जोडलेले एक जरी उपकरण झोपेत असेल तर एपी सगळे मल्टिकास्ट रोखून धरतो आणि डीटीआयएम बीकननंतर एकदम सोडतो (बीकन म्हणजे एपीची ठरावीक अंतराने जाणारी हाक, आणि डीटीआयएम म्हणजे झोपलेल्यांनी जागे व्हायचे ते दर इतकावे बीकन). लिनक्सच्या मॅक८०२११ या वाय-फाय भागात ही रांग १२८ फ्रेमांची. भरली की जुन्या फ्रेमा टाकल्या जातात. बीकन १०२.४ मिलिसेकंदांना, हॉस्टएपीडीचा डीटीआयएम मुळात २. म्हणजे २०४.८ मिलिसेकंदांत १२८ × १४०० बाइट. गुणून पाहा: बरोबर ७ एमबीपीएस. डीटीआयएम १ केल्यास छत १४ वर जाते, पण खरा उपाय झोप बंद करणे. ॲपमध्ये वाय-फायला झोपू न देणारा वायफायलॉक घ्या, सोबत मल्टिकास्टलॉकही. तो नसेल तर काही टॅब्लेट स्क्रीन मालवल्यावर मल्टिकास्ट गाळून टाकतात. आणि या टॅब्लेटपुरता वेगळा एसएसआयडी (वाय-फायचे नाव) ठेवा. कुणाच्या खिशातला एक झोपलेला फोन त्याच एसएसआयडीवर असला तरी सगळ्यांचा प्रवाह पुन्हा रांगेत अडकतो.

सव्वाचार मिनिटांचे गणित आयजीएमपीचे, म्हणजे मल्टिकास्ट कुणाला हवे हे कळवणाऱ्या प्रोटोकॉलचे. स्विच किंवा एपी स्नूपिंग (त्या नोंदी ऐकून सदस्यांनाच मल्टिकास्ट देणे) करत असेल आणि जाळ्यात क्वेरिअर (सदस्यांना पुन्हा पुन्हा विचारणारा) नसेल तर सदस्यत्व २६० सेकंदांनी बाद होते (१२५ ची दुप्पट अधिक १०). तुम्हाला फाइलला साडेपाच मिनिटे लागतात, म्हणून हे दिसले. फाइल लहान असती तर कधी कळलेही नसते. लिनक्स ब्रिजवर मल्टिकास्ट क्वेरिअर चालू करा, नाहीतर स्नूपिंग बंद करा.

जाता जाता एपीतले मल्टिकास्ट-ते-युनिकास्ट रूपांतर बंद आहे ना ते पाहा. ते चालू असेल तर प्रत्येक पॅकेटच्या ४० प्रती निघतात आणि मूळ हेतूच बुडतो. मॉनिटर मोडमध्ये हवेतली फ्रेम पकडा: रिसीव्हरचा पत्ता ०१-००-५ई ने सुरू व्हायला हवा.

---

तारेविना

क्वेरिअर आणि वायफायलॉक या दोन्हींनी काम झाले, गळती पुन्हा टॅब्लेटगणिक वेगळी दिसते. आता किती मिश्रणे पाठवायची हे सर्व्हरने कसे ठरवावे? आणि फाइल शाबूत आहे हे तपासायचे कुठे?

---

दोनशे_छप्पन

पहिल्या फेरीत प्रत्येक जनरेशनला ६४ मूळ + ८ मिश्रणे, न विचारता. वेग टोकन बकेटने (पाठवण्याचा वेग मर्यादित ठेवणारी पद्धत) बांधा, मोजलेल्या कामाच्या वेगाच्या ८५-९० टक्के. गिगाबिट तारेवरून एकदम ओतलेत तर एपीच्या रांगेतच पॅकेटे सांडतील.

फेरी संपली की प्रत्येक टॅब्लेटने युनिकास्टने फक्त अपुऱ्या जनरेशनची यादी द्यावी: क्रमांक आणि किती रँक कमी. कोणती पॅकेटे हवीत हे सांगायचे नाही. सगळ्यांनी एकाच क्षणी बोलू नये म्हणून ० ते २ सेकंदांचा यादृच्छिक विलंब. सर्व्हरने प्रत्येक जनरेशनसाठी सर्वांत मोठी मागणी घ्यावी, तिच्यावर १५ टक्के चढवून मिश्रणे पाठवावीत. नॉर्म हा मल्टिकास्ट फाइल पाठवण्याचा प्रोटोकॉल (आरएफसी ५७४०) दुरुस्ती अशीच मागवतो, फक्त त्यात कोड सहसा रीड-सॉलोमनचा. स्वतः लिहायचे नसेल तर तोही चालेल.

अशा दोनच फेऱ्या. त्यानंतर मागे उरलेले दोन-तीन टॅब्लेट राहिलेली जनरेशन एचटीटीपीने घेतील. त्यांच्यासाठी तिसरी मल्टिकास्ट फेरी म्हणजे सगळ्यांची हवा अडवणे.

शाबूतपणा जनरेशनगणिक तपासा. ६,६९७ × ३२ बाइट, म्हणजे एसएचए-२५६ च्या हॅशची यादी २१४ केबी. ती सही करून आधीच एचटीटीपीने द्या. नुसता पूर्ण फाइलचा हॅश ठेवलात आणि तो चुकला तर ६०० एमबी पुन्हा. यूडीपीचा चेकसम १६ बिटांचा, त्यावर विसंबू नका. जनरेशनचा हॅश चुकला की ती पूर्ण टाकून द्या. मिश्रणांत एक जरी पॅकेट बिघडलेले असेल तर कोणते ते आतून ओळखता येत नाही.

रिले असतील तर त्यांनीही हॅश जुळल्याशिवाय त्या जनरेशनची मिश्रणे पुढे सोडू नयेत. दोन अर्धवट रिलेंच्या मांडणीत हे जमत नाही, कारण तिथे पूर्ण जनरेशन कुणाकडेच नसते. तिथे निदान प्रत्येक टप्प्यावर सामायिक किल्लीने पॅकेटवर १६ बाइटचा मॅक (पॅकेट बदललेले नाही हे दाखवणारी खूण) लावा, आणि माल १४०० वरून १३८४ वर आणा. नाहीतर पुन्हा १५०० ओलांडाल.